बाहेरचा एडिटर

१२ जानेवारी, सोमवार

प्रीतम शेठचा फोन. उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचात त्यांचं दोरा रंगवायचं युनिट आहे. शिलाईच्या रिळांचा दोरा. कुठल्या छटेला कुठला रंग किती टाकायचा हे सांगणारा प्रोग्राम दिनानाथनं त्यांना लिहून दिला, तेव्हा आमचं लग्न नवं होतं. लग्न आणि प्रोग्राम दोन्ही अजून चालू आहेत. दोन्हींत गेल्या कित्येक वर्षांत नवीन काही घातलेलं नाही.

"भाभी, नवा कॉम्प्युटर आणला. भतीज्यानं सगळा माल इकडून तिकडे टाकला आणि आता साला मधेच थांबतो. एरर एरर करतो. दिनाभाऊला विचारा ना."

मी फोन दिनानाथसमोर धरला. "शेठच्या प्रोग्राममध्ये एरर येतेय."

"बरोबर," दिनानाथ म्हणाला.

"काय बोलले?" शेठनी विचारलं.

"बरोबर म्हणतोय."

गणपतीनंतर दिनानाथला झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. सगळे शब्द निघून जाताना हा 'बरोबर' एकटाच मागे राहिला. पाणी हवंय? बरोबर. दुखतंय? बरोबर. हे माझं नाव आहे का, सांग. बरोबर. नवऱ्यानं आपल्या प्रत्येक बोलण्याला बरोबर म्हणावं असं कुठल्या बाईला वाटत नाही? मला मिळालंय.

शेठ म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग सुरतेहून तयार पॅकेज मागवतो. त्यांचंही बरोबरच आहे.

आणखी एक फोन वांगणीहून. तिथं एका फार्महाऊसचं अशा आजारी माणसांना ठेवून घेणारं सेवासदन झालंय, दिवाळीत मी बघून आले होते. ते चालवणारे कमळाकर म्हणून गृहस्थ आहेत. एक तारखेला एक खाट रिकामी होतेय, हवी का ते महिनाअखेर सांगा म्हणाले. रिकामी कशी होतेय ते मी विचारलं नाही.

तर महिनाअखेर दोघांना उत्तर द्यायचंय. दिनानाथ आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं. आत असेल तर तो घरी राहील, मग मला शाळेतली नोकरी सोडावी लागली तरी चालेल. नसेल तर वांगणी काय नि आमचं बेलवलीचं घर काय.

जिज्ञासा त्याला बोलायला शिकवायला येते. केळ्याचं चित्र दाखवते, तो बरोबर म्हणतो, ती टाळ्या वाजवते. तिनं मला रोज चार ओळी लिहायला सांगितलंय. "काकू, मन मोकळं होतं." मन मोकळंच आहे गं. लग्न आटोपल्यावरच्या हॉलसारखं.

१३ जानेवारी, मंगळवार

शेठ स्वतःच पेनड्राइव्ह घेऊन आले, बरोबर तिळाचे लाडू. दिनानाथच्या पायाशी बसले. "साईं, ओळखलं ना मला?"

"बरोबर."

शेठचे डोळे भरून आले. गॅस सिलेंडरवाल्यालाही तो हेच म्हणतो, ते मी सांगितलं नाही.

ते गेल्यावर दिनानाथच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला. निळा पडदा आला, रंगांची नावं भराभर वर सरकली आणि थांबली. 'रंग ३८ : आकडा वाचता येत नाही. दुरुस्तीसाठी कळ दाबा.' कळ दाबली. प्रोग्रामच्या पोटातलाच एडिटर उघडला, म्हणजे फाईल उघडून खाडाखोड करायची जागा. खसखशीएवढी अक्षरं आणि एकेक ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दिनानाथनं डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं. बोट सरकत अर्ध्यावर गेलं, थांबलं. मागे आलं. पुन्हा अर्ध्यापर्यंत. मग त्यानं मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. बघण्यासारखं काही नाही.

दुपारी जेवताना नेहमीसारखं झालं. त्यानं ताटातली डावीकडची भाजी आणि अर्धी भाकरी खाल्ली, उजवीकडचं तसंच राहिलं. माई, म्हणजे सासूबाई, उठल्या, त्यांनी ताट अर्धं फिरवलं आणि तो उरलेलं जेवला. उजव्या बाजूचं त्याला दिसत नाही, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. माई रोज ताट फिरवतात. मी रोज बघते. आज पहिल्यांदा वाटलं, ओळीचंही तसंच होत असेल.

ओळ फिरवता येत नाही. पण दुमडता येत असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

शाळा सकाळची, त्यामुळे दुपार माझी असते. म्हणजे दिनानाथची.

त्याच्या कपाटात प्रोग्रामच्या भाषेचं जुनं मॅन्युअल सापडलं. त्यात लिहिलंय की पोटातला एडिटर नको असेल तर बाहेरचा जोडता येतो. सेटिंगच्या फाईलमध्ये तशी एक ओळच आहे, 'बाहेरचा एडिटर', आणि पुढे रिकामी जागा. तिथं नाव टाकायचं. मग एरर आली की प्रोग्राम त्या बाहेरच्याला हाक मारतो, फाईल हातात देतो आणि कितव्या ओळीवर उघडायची तो आकडा सांगतो. बाहेरच्यानं येऊन घरातली चूक काढायची. आमच्या नात्यात हे काम करणारे पुष्कळ आहेत, फक्त सेटिंग लागत नाही.

एक फुकटचा एडिटर उतरवून घेतला. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात आणि ओळ डाव्या अर्ध्या पडद्यातच दुमडून खाली येते. नाव टाकलं, कळ दाबली. दोन कोरी पानं उघडली. एकाचं नाव प्रीतम, दुसऱ्याचं शेठ. दिनानाथनं फोल्डरला 'प्रीतम शेठ' असं दोन शब्दी नाव दिलेलं. मधल्या मोकळ्या जागेवर शेठचे दोन तुकडे झाले. मॅन्युअलमध्ये बघून अवतरणचिन्हांत घातले, तेव्हा जुळले.

रंगांची फाईल उघडली. एका ओळीत एक रंग: नाव आणि पुढे आकडे. अक्षरं निवडणुकीच्या बॅनरएवढी केली.

माई मागे उभ्या होत्या. "नवी वही हाय ना ही?"

"वही नाही माई, एडिटर."

"कोरं पान हाय नं? मंग आदी वर श्री लिव."

"माई, हे शेठचे रंग आहेत."

"रंगाला काय देव नसतो? माजा दिना पाटीवर बी श्री घातल्याबिगर अ काढत नव्हता. लिव."

मी देव मानत नाही. पण माईंशी वाद घालण्यापेक्षा देव मानणं सोपं आहे. मॅन्युअलमध्ये एक सोय होती: ओळीच्या सुरुवातीला चांदणी, म्हणजे *, घातली की ती ओळ नुसती टीप, प्रोग्राम ती सोडून पुढे जातो. म्हणून सगळ्यांत वर एक नवी ओळ केली, चांदणी घातली आणि पुढे श्री. देव आणि प्रोग्राम, दोघांची अडचण नाही.

दिनानाथनं पाहिलं. "बरोबर," म्हणाला. माई खूश.

मग प्रोग्राम चालवला. रंग ३८. कळ दाबली, एडिटर थेट अडतिसाव्या ओळीवर उघडला. बेबी पिंक. ओळीत मला एकच खटकलं: एका ५ च्या आधी एक टिंब. वाक्याच्या सुरुवातीला पूर्णविराम नसतो, हे मी आठवी ब ला जूनपासून सांगतेय. टिंब काढलं. पुन्हा चालवला. रंग ३८. तीच एरर.

निदान शुद्ध तरी झालं.

१७ जानेवारी, शनिवार

अडतिसाच्या आधीचे रंग चालतात, शेठ तेवढ्यावर दिवस ढकलतायत. म्हणून मी रोज फाईल पाठवते. आज त्यांचा फोन.

"भाभी, बेबी पिंकचं काय केलं तुम्ही?"

"का?"

"फ्रॉकचा दोरा होता. पूरा घाणा राणी कलरचा निघाला. शालूला पण भडक होईल, एवढा. कारागीर हसतोय माझ्यावर."

मी म्हटलं, बघते. काय बघणार? दिनानाथला विचारलं, बेबी पिंक कशानं बिघडला? बरोबर.

बकुळा, बुवापाड्याहून दिवसा त्याच्यापाशी बसायला येते ती बाई, म्हणाली, "बाई, साहेब सकाळपासून त्या मशीनलाच लागलेत. वरचं देवाचं नाव होतं ना, ते पुसलं त्यांनी."

बघितलं. पहिली ओळ गायब. चांदणी आणि श्री, दोन्ही. मी परत घातली.

१९ जानेवारी, सोमवार

काल पुसली होती, मी घातली. आज पुसली, मी घातली. दरवेळी तीच ओळ, अगदी तेवढीच. बाकी एका अक्षराला हात लावत नाही. डाव्या हाताचं एक बोट, एकेक अक्षर मागे.

जिज्ञासाला सांगितलं. तिनं मान डोलावली. "पर्सिव्हरेशन, काकू. एकच क्रिया पुन्हा पुन्हा. मेंदूत अडकते. वाईट वाटून घेऊ नका."

"वाटून नाही घेत."

खरंच नाही घेत. आजाराला इंग्रजी नाव मिळालं की घरात एक पाहुणा वाढल्यासारखं होतं. त्याला चहा द्यायचा नि बसवून ठेवायचं.

माईंना मात्र लागलंय. "देवाचं नाव पुसतंय पोर माजं. असं नव्हतं." मग त्या मला म्हणाल्या, "तू परत लिवतंस ना?" लिहिते म्हटलं. आम्ही तिघं मिळून एक श्री खेळवतोय. हळदीकुंकवाला जिच्या घरी जावं ती विचारते, कसे आहेत आता? मी सांगते, मजेत, देवाधर्माचं चाललंय.

२० जानेवारी, मंगळवार

बकुळा एक तारखेपासून यायची बंद. लेकीचं बाळंतपण आहे. दुसरी कोणी मिळत नाही. चौकशी करून झाली. माईंना गुडघे आहेत, दिनानाथला बाथरूमपर्यंत नेणं त्यांच्यानं होणार नाही. आम्हाला मूल नाही. तेव्हा हिशेब सोपा: मी घरी, किंवा तो वांगणीला.

एडिटर उघडाच होता, म्हणून त्यातच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप केला. माननीय मुख्याध्यापिका, वगैरे. कारण: पतीचे आजारपण. अक्षरं बॅनरएवढी होती, त्यामुळे 'पतीचे आजारपण' अख्खा पडदाभर झालं. शुद्धलेखन दोनदा तपासलं. अजून पाठवणार नव्हतेच, नुसता तयार ठेवला. त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केला, रंगांच्या शेजारी.

शाळा सोडायचं लिहिताना काही वाटेल असं वाटलं होतं. शाळा मला आवडते. मुलांना माझी जीभ आवडत नाही, पण ती वर्गात येतात. तीच तर गंमत असते. काही वाटलं नाही. चहा केला.

टाइप करत होते तेव्हा दिनानाथ शेजारी बसला होता. पडद्याकडे बघत. बोट ओळीखाली.

२१ जानेवारी, बुधवार

श्री पुसलेली. आणि अर्जाची फाईल उघडली तर आत काही नाही. कोरी. नाव आहे, पोट रिकामं.

त्याच्या बोटाला चटकच लागली म्हणायची. जे दिसेल ते पुसायचं. किंवा फुकटच्या एडिटरची ही लायकी. अर्ज हातानं लिहीन.

श्री परत घातली.

२२ जानेवारी, गुरुवार

कमळाकरांचा फोन. खाटेला दुसरंही गिऱ्हाईक आहे, तुमचं नक्की ना? रविवारी सांगते म्हटलं. तोंडाशी हो आला होता.

आज त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तोच चेहरा, डावी भुवई तशीच थोडी वर. लग्नाच्या आधी आमच्या अंबरनाथच्या घरी आला होता, तेव्हा माझ्या वडिलांना, कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना, त्यानं जेवताना सांगितलं होतं, "काका, तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे." आगरी घरातलं पोर, पहिल्यांदा घरी आलेलं. वडील चिडले. मी तिथंच ठरवलं. त्याला चूक दिसली की गप्प बसवत नसे. माझ्या पेपरातल्या लेखांमध्येसुद्धा आधी चूक काढायचा, मग हसायचा.

आता तो सगळ्याला बरोबर म्हणतो. यावरून मला काय समजायचं ते समजलं. आत कोणी नाही. रविवारी वांगणीला हो सांगायचं.

२४ जानेवारी, शनिवार

आज लवकर घरी आले. बकुळा कपडे वाळत घालत होती, माई लसूण सोलत होत्या. दिनानाथ लॅपटॉपपुढे. माझ्यासमोर त्यानं श्री पुसली. एकेक अक्षर, शेवटी चांदणी, मग रिकामी राहिलेली ओळसुद्धा मागे ओढून घेतली. काम पुरं झाल्यासारखा श्वास सोडला.

"परत पुसलंन बग," माई म्हणाल्या.

मी सवयीनं हात पुढे केला, परत टाइप करायला. त्यानं माझं मनगट धरलं. डाव्या हातानं. दुखेल इतकं घट्ट. गणपतीनंतर त्यानं मला धरलेलं हे पहिल्यांदा.

"अरे दिना, सोड. काय पाहिजे?"

"बरोबर," तो म्हणाला. रागानं. माझं मनगट बाजूला ठेवलं, वस्तू ठेवतात तसं, आणि एका बोटानं प्रोग्राम चालवला. नावं सरकली. रंग ३८, आकडा वाचता येत नाही. त्यानं कळ दाबली. एडिटर उघडला, अडतिसाव्या ओळीवर.

ती ओळ बेबी पिंकची नव्हती. डाळिंबी होती. आकड्यांच्या मधोमध लिहिलं होतं: 5-Mar.

मी वाचलं, पुन्हा वाचलं. डाळिंबी रंगात पाच मार्च कशाला? दिनानाथनं बोट त्याच्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी शाळेत आळशी मुलाकडे बघते तसं. मग पाच मार्च पुसला आणि एकेक कळ शोधत तिथं घातलं: 3-5.

तेव्हा कुठे डोक्यात आलं. तीन भाग एक रंग, पाच भाग दुसरा. शेठच्या भतीज्यानं फाईल नव्या कॉम्प्युटरवर घेताना तिकडच्या हिशेबाच्या प्रोग्राममधून काढली असणार. त्या प्रोग्रामला वाटलं, तिसऱ्या महिन्याची पाच तारीख. रंगांचं प्रमाण बघून त्यानं मुहूर्त काढला.

पुढची एरर आली. तिथं 7-Feb. दिनानाथनं 2-7 केलं. पुढची. पुढची. दुपार गेली. माईंनी ताट आणून त्याच्या डावीकडे ठेवलं, ते तसंच निवलं. शेवटी प्रोग्राम न थांबता तळापर्यंत गेला. मग तो मागे वर गेला, बेबी पिंकवर, आणि मी काढलेलं टिंब परत घातलं. पूर्णविराम नव्हता तो. अर्धा होता. मी अर्ध्याचे पाच केले होते. म्हणून राणी.

श्रीचं काय झालं होतं तेही आता कळलं. वर्गाची हजेरी घेताना मी मुलं मोजते, स्वतःला मोजत नाही. फोटोग्राफर येतो तो उभी असलेली सगळी डोकी मोजतो. प्रोग्राम चांदणीची ओळ मोजत नाही, एडिटर मोजतो. प्रोग्रामनं अडतिसावा म्हणून हाक मारली की एडिटर सदतिसाव्यापाशी जाऊन उभा. मी चांगल्या पोराला छड्या मारत होते आणि हा माणूस रोज सकाळी येऊन, एका बोटानं, ती एक ओळ काढत होता. मी रोज दुपारी घालत होते. आणि आम्ही त्याला इंग्रजी नाव दिलं.

माईंना समजावलं. "म्हंजी देवानं खोटं केलं?"

"देवानं नाही माई. मी ओळ वाढवली."

"मना वाटलंच. माजा दिना उगा देवाचं नाव पुसायचा नाय."

अर्जाचं मात्र कळलं नाही. त्यात काय चूक होती? शुद्धलेखन तर मी दोनदा तपासलं होतं.

२५ जानेवारी, रविवार

शेठ आले, या वेळी मिठाईचा मोठा पुडा. सुरतेचं पॅकेज रद्द. डाळिंबीचा नवा घाणा काढून दोरा आणला होता, दिनानाथच्या हातात दिला. त्यानं तो खिडकीपाशी उजेडात धरला, डाव्या बाजूला.

"साईं, पास?"

दिनानाथनं मान हलवली. नाही.

"क्या नहीं? अरे भाभी, हे नाही म्हणतायत!" शेठ एवढे आनंदले की नापास झाल्याचं त्यांच्या लक्षातच नाही. "फिर से करतो. दस बार करतो. तुम्ही बस बोला."

मी कमळाकरांना फोन केला नाही. दिनानाथला सांगितलं, "तू घरीच राहायचंस. मी शाळा सोडतेय. अर्ज परत लिहिते उद्या."

त्यानं काही म्हटलं नाही. बरोबर पण नाही.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. आठवी ब मधली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही पुढच्या वर्षी नववीला असणार ना? नसलात तर आम्ही वाचू." मी म्हटलं, प्रयत्न चालू आहेत.

घरी येऊन वाटलं, विचारायला तरी हवं. माणूस आत आहे हे कळल्यावर त्याला न विचारता ठेवणं हे पार्सल ठेवल्यासारखं झालं. उत्तर माहीतच होतं. नुसतं रीतीला म्हणून. एडिटरमध्ये कोरं पान घेतलं, दोन ओळी लिहिल्या. वर वांगणी, खाली बेलवली. वांगणी म्हणजे काय, तिथं कोण असेल, मी कधी कधी येऊ शकेन, सगळं सांगितलं. "जे नको ते पूस."

त्यानं वेळ घेतला. मग बेलवली पुसलं.

मी म्हटलं, "नीट बघ. खाली काय होतं ते दिसलं का?" पान पुसून परत लिहिलं, आता बेलवली वर, वांगणी खाली. त्यानं वरचं पुसलं. वांगणी राहिलं.

माई दारात उभ्या होत्या. "काय केलंन?"

"वांगणीला जातो म्हणतोय."

"परत इचार."

परत विचारलं. अक्षरं आणखी मोठी केली. त्यानं परत तेच केलं, जरा चिडून, मठ्ठ मुलाला तिसऱ्यांदा गणित सांगावं तसं. माई आत गेल्या, त्याची बॅग माळ्यावरून काढायला स्टूल लावलं, आणि मला हाक मारली, कारण गुडघे.

पान बंद करताना एडिटरनं विचारलं: बदल ठेवायचे?

आठवडाभर हा माणूस बरोबर असताना मी त्याचे बदल रोज परत फिरवले. तेव्हा निदान कळत नव्हतं. बराच वेळ बघत बसले. मग 'ठेवा' दाबलं.

का जायचंय त्याला? तिथं त्याचं कोण आहे? माझा एकच अंदाज आहे. एवढ्या वर्षांची माझी जीभ, आणि आता त्याला उलट बोलता येत नाही. मीही गेले असते.

संध्याकाळी कमळाकरांना हो सांगितलं. अर्ज लिहायची आता गरज उरली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

शेठनी गाडी दिली. माई पुढे बसल्या. वांगणीला भेंडीची शेतं अजून आहेत, त्यांच्या कडेला नव्या इमारतींचे फलक. खोली बरी आहे. खाटेच्या उजव्या अंगाला भिंत आहे, म्हणजे सगळी खोली त्याला डावीकडे दिसेल. लॅपटॉप टेबलावर मांडला. शेठ तिथंच फाईल पाठवणार आहेत.

कमळाकर नम्र माणूस आहेत. पेशंटबद्दल विचारत होते, पण आवाज हळू करून, तो तिथं नसल्यासारखं.

"समजतं का त्यांना काही?"

"सगळं."

"बोलतात?"

"नाही. चुका काढतो."

"कोणाच्या?"

"आधी माझ्या काढायचा. आता तुमचा नंबर. आणि जरा मोठ्यानं बोला, त्याला ऐकायला येतं."

ते ओशाळले. त्याच्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार दिनानाथराव. इथं काही कमी-जास्त वाटलं तर सांगायचं बरं का." त्यानं सावकाश खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. ते बंद होतं. कमळाकर सेल आणायला धावले.

मी त्याचे कपडे लावले, पुन्हा लावले. औषधांचं सांगितलं. मग नुसतीच उभी राहिले. म्हटलं, "आज थांबते. उद्या रजा टाकीन."

त्यानं डावा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. जा. मी हलले नाही, तेव्हा पाठीवर हात ठेवून ढकललं. हलकंच, पण ढकललंच. माझ्या नवऱ्यानं मला खोलीबाहेर काढलं, माईंच्या देखत.

परत गाडीत बसलो. बदलापूरचा पूल लागला, तेव्हा माई म्हणाल्या, "उद्या तुजी शाला हाय ना?"

"आहे."

"मंग घरी गेल्यावर आदी जेव. डबा मी करतंय सकाली."

घरी आले. जेवले. आता आठवी ब च्या निबंधांचा गठ्ठा समोर आहे. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत चूक आहे आणि मला ती दिसत नाहीये. कागद सारखा ओला होतोय. लाल पेन बाजूला ठेवलंय. थोड्या वेळानं तपासते.